राहीबाईचा नारू

ज्वारी उपटायला लागून तिसरा दिवस होता. राहीबाईनं आपल्या वाट्याच्या ओळींची पात धरली होती खरी, पण चार ताटं उपटली की ती थांबायची, उजवा पाय डाव्या पोटरीवर घासायची आणि पुन्हा वाकायची. वाकणंही आता सोपं राहिलं नव्हतं. सातवा सरून आठवा लागला होता. पोट आडवं यायचं, म्हणून ती गुडघे फाकवून अर्धवट बसायची आणि दोन्ही हातांनी ताट धरून मागं रेटा द्यायची. भेगाळलेल्या काळ्या रानातून मूळ कटकन सुटायचं, मातीचं ढेकूळ पायावर पडायचं आणि घोट्याखाली आग व्हायची.

"काय गं, पाय का आपटतीयास?" पुढच्या पातेवरून सासूनं विचारलं.

"घोट्याखाली निखारा ठिवल्यावानी हुतंय, आत्याबाई. परवापास्नं."

लंकाबाई मागं आली. सुनेचा पाय मांडीवर घेऊन तिनं माती पुसली. चिंचोक्याएवढा फोड आला होता, टचटचीत, मधोमध पिवळा. लंकाबाईनं फोडाकडं पाहिलं, मग उभ्या ज्वारीकडं पाहिलं. अजून अर्ध्याच्या वर रान उभं होतं.

"नारू हाय," ती म्हणाली. "ह्येला बी आत्ताच यायचं हुतं."

नारूचं वाडीत कुणाला नवल नव्हतं. काष्टीच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल, एवढ्या अंतरावर ही वाडी. नदी लांब. पिण्याला गावाबाहेरची एक बारव, बावीस पायऱ्यांची. माघ-फाल्गुन आला की घराआड एक पाय बाजेवर पसरलेला दिसायचा. कुणाच्या घोट्यातून, कुणाच्या पोटरीतून, एकदा एका म्हाताऱ्याच्या पाठीतून नारू निघाला होता. पण राहीबाईला तो आजवर कधी झाला नव्हता. आणि तिचं आधीचं एक बाळंतपण सहाव्या महिन्यातच वाया गेलं होतं, त्यामुळं घरात ह्या खेपेला तिच्याकडं सगळे जपून बघायचे. बघायचे, पण ज्वारी थांबत नव्हती.

दुपारी ती घागर घेऊन बारवेत उतरली. शेवटच्या पायरीवर बसून तिनं पाय पाण्यात सोडला आणि डोळे मिटले. आग एकदम विझली. जीव परत आल्यासारखा झाला. किती वेळ ती बसली तिलाच कळलं नाही. पाय वर घेतला तेव्हा फोड फुटला होता आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकावत होतं. पाण्यात दुधाचा थेंब पडावा तशी धुरकट रेघ पसरत गेली. पू असेल, ती मनाशी म्हणाली. मग हातभर पलीकडं घागर बुडवली, डोक्यावर घेतली आणि एकेक पायरी मोजीत वर आली.

रानात कारभारी, तिचा नवरा, वाट बघत होता. त्यानं घागर वाकवली आणि तोंड वर करून घटाघटा पाणी प्यायला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काबाई आली. तिचं वय सत्तरीपलीकडं. गावात बाळंतपणं तीच करायची आणि नारूही तीच काढायची. कुणाकडून काही घ्यायची नाही. नजर कमी झाली होती, पण बोटांना सगळं समजायचं. तिनं राहीबाईला बारवेच्या पायरीवर बसवलं, पाय पाण्यात धरला, पोटरीपासून घोट्यापर्यंत तेलाचे हात वरून खाली फिरवले. मग चिमटीत टोक धरलं. भिजल्या शेवयीएवढा पांढरा धागा बोटभर बाहेर आला आणि थांबला. आक्काबाईनं तुरकाठीची बारीक चिपाटी काढली, धाग्याचा तिला एक वेढा दिला आणि घोट्यावर चिंधीनं बांधून टाकली.

"बास?" राहीबाईनं विचारलं.

"बास. रोज यिऊन बसायचं हितं. यील तेवढा यील, कवा दोन बोटं, कवा कायबी न्हाई."

"ओढून काढा की, आक्का. रान उभं हाय."

"तुजं रान उभं हाय, ह्ये त्येला कुठं ठावं?" आक्काबाई हसली नाही. "ओढला तर तुटतो. तुटला की आत कुजतो. मग पाय जातो. तुजं तर दोन जीव हायेत. न्हाई, तीन. भाकरी येक आन् खानारी तीन."

 राहीबाई चिपाटीकडं बघत राहिली. तिच्याच पायातून निघालेलं, आणि तिचं नसलेलं.

त्या दिवसापासून ती उभ्यानं काही करू शकेना. कारभारी तिला बैलगाडीत घालून खळ्यावर न्यायचा आणि पेंढ्यांच्या सावलीला पोत्यावर बसवायचा. बसल्या बसल्या ती कणसं मोडायची. उजवा पाय पुढं पसरलेला, डावा दुमडलेला, मध्ये पोट. हात मात्र झरझर चालायचे. कणसांचा ढीग कमरेएवढा झाला की लंकाबाई पाटीनं उचलून न्यायची. कारभारी रानातून पेंढ्या आणायचा, बैलांना वैरण घालायचा, पुन्हा रानात जायचा. दोघांच्या कामाला तो एकटा लागला होता. त्याची पाठ उन्हानं काळी पडून खवले सुटले होते.

सगळ्यात अवघड व्हायचं ते परसाकडं जाताना. कडब्याच्या गंजीमागं ती हातावर आणि एका गुडघ्यावर सरकत जायची. धसकटं तळव्याला टोचायची. एकदा शेजारच्या रानातल्या मालनबाईनं ते पाहिलं आणि हाक मारून विचारलं, "काय गं राहे, रांगायचं शिकतीयास का पोराच्या आदी?" बायका हसल्या. राहीबाईही हसली, आणि गंजीमागं गेल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सातव्या दिवशी खळ्यावर कोंबड्या आल्या. दाणे टिपता टिपता एक तांबडी कोंबडी तिच्या पायाशी आली, मान वाकडी करून चिपाटीकडं बघितलं आणि पांढऱ्या धाग्यावर चोच मारली. राहीबाईच्या टाळूपर्यंत कळ गेली. तिनं झडप घालून कोंबडीची मान धरली. चोचीत धागा होता. ओढावं तर तुटेल, सोडावं तर कोंबडी ओढेल. "आत्याबाई!" ती ओरडली, तशी लंकाबाई पाटी टाकून धावत आली, गुडघ्यावर बसली आणि आपल्या जाडजूड बोटांनी कोंबडीची चोच हळू उघडली. धागा सुटला. तुटला नव्हता. दोघी सासूसुना कितीतरी वेळ धापा टाकत बसल्या. मग लंकाबाईनं ती कोंबडी कालवणाला घातली. जेवताना राहीबाईच्या ताटात मोठा वाटा पडला.

*

मार्तंड मास्तर आले ते अकराव्या दिवशी. वाडीच्या शाळेत ते एकटेच शिक्षक. त्यांचं वडिलोपार्जित तीन एकर रान कारभारी वाट्यानं करायचा, म्हणून सुगीत ते एकदा खळ्यावर डोकावून जायचे. कोट, टोपी, पायांत वहाणा. त्यांचे धाकटे भाऊ रविकांत पुण्याला डॉक्टरकी शिकत होते.

मास्तरांनी ज्वारीच्या ढिगाकडं पाहिलं आणि मग त्यांची नजर पोत्यावर पसरलेल्या पायावर गेली.

"किती दिवस झाले, राहीबाई?"

"अकरा," डोक्यावरचा पदर ओढून ती म्हणाली.

"बघू का जरा?"

आणि मास्तर तिच्या पायाशी खाली बसले. राहीबाई पाय ओढून घेऊ लागली. "आवं मास्तर, पायापाशी नका बसू. आमाला पाप लागंल."

"पाप कसलं! मला बघायचंय. भावानं दिवाळीत सांगितलं होतं, तेव्हापासून बघायचं मनात आहे." त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं भिंग काढलं. "एक परात आणा. आणि गार पाणी."

लंकाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या, पण परात आणली. मास्तरांनी राहीबाईचा पाय परातीत ठेवायला सांगितला आणि वरून घागरीतलं पाणी सोडलं. कारभारीही बैल थांबवून आला. चौघंजण परातीकडं बघत राहिले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग धाग्याच्या टोकातून दूध सुटलं. एक बारीक पांढरी पिचकारी, ढगासारखी पसरली, विरली. पुन्हा एक.

"पू हाय," लंकाबाई म्हणाली.

"पू नाही." मास्तरांनी एका तळहाताच्या खळग्यात ते धुरकट पाणी घेतलं, दुसऱ्या हातानं भिंग धरलं. उन्हाकडं तोंड करून बराच वेळ बघितलं.  त्यांनी भिंग राहीबाईच्या हातात दिलं आणि आपला तळहात तिच्यापुढं धरला.

राहीबाईला आधी नुसता उजेड दिसला. मग मास्तरांच्या तळव्याच्या रेषा. आणि मग त्या रेषांवर वळवळणारे केस. केसांहून बारीक. एक, दहा, शंभर. वळत होते, सुटत होते, पुन्हा वळत होते. तिच्या अंगावर काटा उभा राहिला, पण डोळा काढवेना.

"काय हायेत ही?"

"पोरं. ही मादी आहे, राहीबाई. तुमच्या अंगात ती वर्षभर राहिली. तिथंच वाढली. आणि आता पोरं सोडायला पाण्याशी आलीय."

"वर्सभर?" राहीबाईनं भिंग खाली केलं. "आन् मला कसं ठावं न्हाई झालं?"

"ती कळू देत नाही. बोटात काटा मोडला तर तुमचं अंग पू करून त्याला बाहेर टाकतं. हिला टाकत नाही. जागा देतं, खायला देतं. का देतं, ते माझ्या भावालाही नीट सांगता आलं नाही. म्हणाला, मोठे डॉक्टरही त्यावर डोकं खाजवतात."

"किती असतील पोरं?"

"लाखांनी. शेवटी शेवटी तिच्या अंगात दुसरं काही उरत नाही. आतडंसुद्धा सुकून बाजूला पडतं. सगळी जागा पोरांची."

"आन् त्येंचा बाप?"

लंकाबाईनं पदर तोंडाला लावला. मास्तर किंचित लाजले. "तो आतच मरतो. आधीच."

 राहीबाईच्या पोटातल्या लेकरानं त्याच वेळी टाच मारली, बरगडीखाली, आणि तिनं नकळत तिथं हात ठेवला. दुसऱ्या हातात भिंग होतं. माघातलं ऊन, ज्वारीचा धुरळा, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, सगळं होतं तिथंच होतं. फक्त तिला स्वतःचं अंग अनोळखी वाटायला लागलं होतं. ह्या अंगाला ती रोज न्हाऊ घालत होती, कामाला जुंपत होती, त्याला भाकरी घालत होती. आणि त्यानं तिला न विचारता दारं उघडी ठेवली होती.

"मंग ही पोरं जात्यात कुठं?" कारभारीनं विचारलं.

मास्तरांनी तळहातावरचं आणि परातीतलं पाणी लांब तापल्या मुरमावर ओतलं. "पाण्यात. बारवेचं पाणी हातात घेतलं की कोंड्यासारखं काही उड्या मारताना दिसतं ना?"

"पान्याचा जीव," लंकाबाई म्हणाली. "त्यो असला की पानी ग्वाड."

"तो ह्यांना खातो. माणूस पाण्याबरोबर त्याला पितो. तो पोटात मरतो, ही मरत नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या पायातून निघतात. दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं, तर तो जीव वर राहतो. आणि नारूचा पाय बारवेत घातला नाही, तर मुळातच..."

मास्तर बोलत होते, पण राहीबाईला पुढचं ऐकू आलं नाही. तिला पायरी दिसत होती, गार पाणी दिसत होतं आणि पसरत गेलेली पांढरी रेघ.

*

दिवस कलल्यावर कारभारी बैल सोडायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "आवं, ऐका. त्या दिशी म्या बारवंत पाय सोडला हुता. आन् तितलंच पानी तुमाला आनून दिलं."

कारभारीनं जू खाली ठेवलं. तो फार बोलणारा माणूस नव्हता. बैलाच्या खांद्यावरचा घट्टा चोळत तो उभा राहिला.

"त्या दिशी म्या येकल्यानं न्हाई पिलं. समदं गाव पिलं आसंल."

"त्येच तर म्हनते."

"यायचा आसंल तर वर्सानं यील," तो म्हणाला. "तवा बगू. आत्ता तू रडू नगंस. पोटातल्याला कळतं."

तिनं जुन्या लुगड्याचं पदराकडचं दाट कापड फाडलं, दुहेरी केलं आणि घागरीच्या तोंडाला बांधलं. लंकाबाईनं ते पाहून घर डोक्यावर घेतलं. आपल्या सासूनं, तिच्या सासूनं जे पाणी पिलं ते आज ह्यांना गाळावंसं वाटतंय. मास्तर पोथी वाचणारा माणूस, त्याला शेतातलं काय कळतं. पण दुसऱ्या दिवशी फडक्यावर राहिलेला गाळ राहीबाईनं तिला उन्हात दाखवला. कोंड्याएवढे जीव ओल्या कापडावर तडफडत होते. लंकाबाई बघत राहिली. संध्याकाळी तिनं स्वतःच फडकं धुऊन वाळत घातलं. धुतलेलं पाणी चुलीतल्या राखेवर ओतलं.

आक्काबाईला मात्र कसं सांगावं, हे राहीबाईला कळेना. म्हातारी सकाळी नेहमीप्रमाणं न्यायला आली, तेव्हा ती म्हणाली, "आक्का, आज बारवंवर नगं. हितंच परातीत पानी घेऊ."

"का गं?"

राहीबाईनं सगळं सांगितलं, अडखळत, जसं आठवेल तसं. भिंगातून दिसलं ते, पोरांचं, पाण्यातल्या जीवाचं. आक्काबाई पाय मांडीवर घेऊन ऐकत होती. तिची बोटं पोटरीवरून खाली येता येता मध्येच थांबली.

"म्या वयात आल्यापास्नं नारू काढतीया," ती शेवटी म्हणाली. "माज्या आईनं शिकीवलं. पायरीवर बसवायचं, पाय पान्यात धरायचा, चोळायचा. पान्यात सोडला की लवकर येतो." ती थांबली. "लवकर का येतो, ह्ये म्या कवा इचारलंच न्हाई."

"तुमाला काय ठावं, आक्का."

"किती काढलं आसतील? हजार? दोन हजार?" म्हातारीच्या पांढुरक्या डोळ्यांत ओल होती की ते तसेच होते, कळत नव्हतं. "म्हंजी म्या येका हातानं काढीत हुते आन् दुसऱ्या हातानं पेरीत हुते."

राहीबाईनं तिचा हात धरला. तेलकट, सुरकुतलेला हात.  मग आक्काबाईनं हात सोडवून घेतला आणि पुन्हा पोटरीवरून खाली फिरवायला लागली. त्या दिवशी नारू चार बोटं आला.

"आत्ता गावात सोळा जन हायेत माज्या हाताखाली," चिंधी बांधता बांधता ती म्हणाली. "समदी उद्या सकाळी बारवंवर येतील. त्येंना कोन आडवनार? मला तर पायरी बी दिसत न्हाई धड."

*

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या सुमाराला राहीबाई बारवेच्या वरच्या पायरीवर बसली होती. कारभारीनं तिला गाडीतून आणून सोडलं होतं आणि तो रानात गेला होता. शेजारी आक्काबाई, एक दोरी, घागर आणि लोखंडी घमेलं. बारवेच्या एका अंगाला, पूर्वी मोटेचं पाणी ओतलं जायचं ते जुनं दगडी थारोळं होतं. तिथून दोरीनं पाणी ओढता येत होतं. नारूवाला आला की आक्काबाई त्याला बाहेरच्या मुरमावर बसवायची, घमेल्यात पाय ठेवायची आणि राहीबाई वरून पाणी सोडायची. घमेलं भरलं की लांब उन्हात उपडं करायचं.

माणसं कुरकुरली. घमेल्यात काय गार वाटणार? आसाराम कोष्टी तर म्हणाला, "पानी काय तुमच्या बापाचं हाय का?" आणि खाली जायला निघाला. राहीबाईनं पसरलेला पाय पायरीवर आडवा ठेवला. पायरी अरुंद होती. खाली उतरायचं तर तिला ओलांडून जावं लागत होतं. गरोदर बाई ओलांडली तर पोटातल्याला बाधतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक. आसारामनं एक पाय उचलला, तसाच धरला आणि मागं घेतला.

पाणी भरायला आलेल्या धडधाकट बायकांना ती पाय घेऊन वाट द्यायची. फोडाच्या पायाला नाही.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी आप्पासाहेब पाटील आले. काठी टेकत, तोंड वाकडं करीत. त्यांच्या टाचेतून नारू निघाला होता. मागं दहा-पंधरा माणसं होती. कुणीतरी कारभारीलाही रानातून बोलावून आणलं होतं.

"बाजूला हो, पोरी," आप्पासाहेब म्हणाले.

"पाटील, तुमी हितं बसा. म्या पानी घालते."

"म्या माज्या गावच्या बारवंत उतरायला तुला इचारू?" त्यांच्या कपाळाची शीर टचकन उभी राहिली. "कारभाऱ्या, बायकूला उचल."

सगळे कारभारीकडं बघायला लागले. त्याच्या हातात विळा होता. तो दोन पायऱ्या पुढं आला. राहीबाईनं त्याच्याकडं पाहिलं.  त्यानं विळा खाली ठेवला आणि तो बायकोच्या शेजारी, उरलेल्या वीतभर जागेत, पायरीवर बसला. आता पायरी पुरती भरली.

 बारवेत एक पारवा फडफडला आणि त्याचा आवाज घुमत वर आला. आप्पासाहेबांचा पाय आगीनं थरथरत होता. तेवढ्यात आक्काबाईनं त्यांचा हात धरला. त्यांच्या जन्माच्या वेळी तिनं आपल्या आईच्या हाताशी राहून पाणी तापवलं होतं.

"बस, आप्पा," ती एकेरीत म्हणाली. "आग व्हतीया. बस की."

आप्पासाहेब बसले, मुरमावर, सगळ्यांच्या देखत. कारभारीनं दोरीनं पाणी ओढलं. राहीबाईनं धार सोडली. आप्पासाहेबांनी डोळे मिटून सुस्कारा टाकला. डोळे उघडले तेव्हा घमेल्यात दूध पसरत होतं.

"ह्ये काय?"

"तुमच्यातलं हाय, पाटील," राहीबाई म्हणाली. "सावकाश बगा. वर्सभर तुमी पोसलंय."

मास्तरांनी भिंग तिच्याकडंच ठेवलं होतं. आप्पासाहेबांनी ते धरलं. सत्तर माणसांवर हुकूम चालवणारा तो माणूस लहान लेकरासारखा तोंड उघडं टाकून घमेल्यातल्या पाण्याकडं बघत राहिला. मागची माणसं एकेक करून वाकली. भिंग हातोहात फिरलं. आसाराम कोष्ट्यानं दोनदा मागून घेतलं.  देवळाच्या गाभाऱ्यात वाकून बघावं तशी माणसं वाकत होती.

त्या आठवड्यात आप्पासाहेबांनी पायऱ्यांच्या तोंडाशी बाभळीच्या काटेरी फांद्यांचे फास लावून वाट बंद केली आणि थारोळ्यावर रहाट बसवला. फाटक्या धोतराची, लुगड्याची फडकी गावात घरोघर घागरीच्या तोंडावर दिसायला लागली. काहींनी मात्र शेवटपर्यंत बांधली नाहीत.

राहीबाईचा नारू सव्विसाव्या दिवशी सरला. परातीत पाय होता, आक्काबाईनं हळूच वेढा दिला आणि पुढं काही ताण लागेना. शेवटचं टोक आकड्यासारखं वाकलेलं होतं. चिपाटी उलगडून तिनं नारू जमिनीवर सरळ पसरला. दोन हात भरला. राहीबाईनं त्याला बोट लावलं. मऊ होता, रिकामा. मग आक्काबाईनं तो चुलीत टाकला.

*

चैत्र संपता संपता, भर दुपारी राहीबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. ज्वारी कणगीत जाऊन पडली होती, कडबा रचून झाला होता. कारभारी अंगणात दोर वळत बसला. आत लंकाबाईनं सुनेला पाठीमागून धरलं होतं. आक्काबाई पुढ्यात. उन्हं उतरायच्या आत मुलगी झाली. काळीसावळी, मोठ्या डोक्याची, रडायला लागली ती थांबेना. लंकाबाई रडली आणि हसली आणि पुन्हा रडली.

थोड्या वेळानं वार पडली. आक्काबाईनं ती नेहमीप्रमाणं खापरात घेतली, वरून फडकं टाकलं आणि पुरायला न्यायला उठली.

"आक्का," राहीबाई म्हणाली. आवाजात त्राण नव्हतं. "दावा मला."

"बगत न्हाईत ती, पोरी. कुनीच बगत न्हाई."

"म्या बगनार."

 आक्काबाईनं खापर दाराच्या उजेडात आणलं आणि फडकं काढलं. लाल, जाड, हाताच्या पंजाहून मोठं मांस. एका अंगानं काळजाच्या गोळ्यांसारखं. ते तिनं उलटं केलं. दुसऱ्या अंगाला गुळगुळीत, चकचकीत पापुद्रा होता, आणि नाळ जिथं चिकटली होती तिथून निळ्या शिरा फुटून सगळीकडं गेल्या होत्या. एका खोडाला फांद्या, फांदीला डहाळ्या, डहाळीला आणखी बारीक काही, अगदी कडेपर्यंत.

"ह्येच्यातनं जेवली ती," आक्काबाई म्हणाली. "नऊ म्हैनं. तुज्या अंगानं तिच्यासाठनं क्येलं ह्ये. आता काम झालं, टाकून दिलं."

राहीबाई कोपरावर उठून बघत होती. घामानं केस कपाळाला चिकटले होते. कुशीत मुलगी तोंड उघडून छाती शोधत होती.

"ह्ये म्या क्येलं?"

"मंग कुनी?"

"आक्का," ती म्हणाली, "म्या तर कनसं मोडीत बसले हुते."

आक्काबाईला आता पुरायची घाई राहिली नव्हती. ती उंबऱ्याशी खाली बसली आणि अधू डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटांनी बघायला लागली, नाळेपासून कडेपर्यंत, एकेक शीर.